टीबीचा कोर्स संपला, गोळी चालूच राहिली

मानेवरची गाठ टीबीची निघाली, तेव्हा सरकारी दवाखान्यात एचआयव्हीचीही तपासणी झाली. टीबीच्या पेशंटची ती करतातच. मी पॉझिटिव्ह निघालो. कसा, कुठून, हे इथे लिहीत नाही. काउन्सेलर मॅडमनीही ते फार उकरलं नाही.

मी सोलापुरात भाऊ, वहिनी आणि लहान पुतण्याबरोबर राहतो. घरी फक्त टीबीचं सांगितलं. आजोबांना तो होऊन गेलेला, त्यामुळे कुणी दचकलं नाही. उलट अंडी सुरू झाली. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराची गोळी त्या गडबडीत खपून गेली. टीएलडी म्हणतात तिला, तीन औषधं एकाच गोळीत. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे त्यातल्या डोल्युटेग्राविरचा जोर कमी पडतो, म्हणून बारा तासांनी त्याची वेगळी गोळी. एवढ्या गोळ्यांत कोण काय बघतंय? बाटलीचं लेबल तेवढं मी पाण्यात भिजवून नखाने खरवडून काढलं होतं.

सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपला आणि आडोसाच गेला. आता गोळी बाथरूममध्ये, नाहीतर सगळे झोपल्यावर. वेळ पुढेमागे व्हायला लागली. बाटली बॅगेत वाजायची, म्हणून तिच्यात कापूस कोंबायचा. एआरटी सेंटरवर उरलेल्या गोळ्या मोजतात, घेतलेल्या गोळ्या पंचाण्णव टक्क्यांच्या खाली गेल्या की समोर बसवून विचारतात. माझ्या गोळ्या जास्त उरल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "घरात एकाला तरी सांगा. कुणाला, ते तुम्ही ठरवा."

मी काही ठरवायच्या आत वहिनीनेच विचारलं. "भाऊजी, कोर्स संपला ना? मग रात्री कसली गोळी घेता?"

सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग एवढंच विचारलं, "बाळ तुमच्याजवळ झोपतो, चालेल ना?" तिचा मला राग आला नाही. आईच ती. मी नुसतं "चालेल" म्हणून भागलं नसतं, म्हणून तिला सेंटरवर घेऊन गेलो. एकत्र जेवण्याने, शेजारी झोपण्याने लागण होत नाही, हे मॅडमच्या तोंडून ऐकल्यावर ती मोकळी झाली. येताना तिनेच रिक्षा ठरवली.

आता बाटली डब्यांच्या फळीवर असते, कापसाशिवाय. रात्री नऊला वहिनी नुसतं घड्याळाकडे बघते. अंग भरावं म्हणून तिने कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या होत्या. एआरटीच्या गोळीबरोबर उपाशीपोटी कॅल्शियम किंवा लोह चालत नाही, हे कळल्यावर त्या दुपारच्या जेवणावर गेल्या. पुढच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याच्या रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' आलं, विषाणू सापडलाच नाही. लोड असा दबलेला राहिला तर शारीरिक संबंधातूनही लागण होत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री झोप लागली असती.

भावाला अजून सांगितलेलं नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही. कामावरही नाही, 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरीसाठी एचआयव्हीची तपासणी मागता येत नाही, आणि ते विचारतही नाहीत.

मावशी स्थळं आणते. "अजून तब्येत सावरू द्या," म्हणून वहिनी परस्पर टोलवते. तिचं म्हणणं, पॉझिटिव्ह मुला-मुलींचे वधू-वर मेळावे होतात, तिथे नाव नोंदवावं. मी अजून हो म्हटलेलं नाही. कुठलीही मुलगी असली तरी बघायच्या कार्यक्रमाआधी तिला सांगायचं, एवढं मात्र आमच्या दोघांत ठरलंय.