आईच्या वाड्यातला इंटरनेटचा फोन

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात, माजघराच्या खिडकीजवळ एक लहान तिवई आहे. लँडलाइन होती तेव्हा फोन त्या तिवईवर असे आणि त्याच्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल असे. लँडलाइन परत केल्यावर तिवई रिकामी झाली आणि फोन ही वस्तू घरात कुठेही सापडू लागली: उशीखाली, देवघरात, कधी अगाशीवर वाळत घातलेल्या पापडांशेजारी. गेल्या वर्षापासून त्या तिवईवर दहा इंची पडद्याचा एक जुना लॅपटॉप आहे आणि त्याच्याकडे फोनखेरीज दुसरे कोणतेही काम नाही.

आई एकटी राहते, कारण वाडा सोडायला ती तयार नाही. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला मांजलपूरला राहते आणि दादा न्यू जर्सीला. स्मार्टफोन तिला दोनदा घेऊन दिला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बोटांची त्वचा इतकी कोरडी झाली आहे की काचेवर केलेला स्पर्श पुष्कळदा उमटतच नाही, आणि उमटलाच तर भलत्याच जागी उमटतो. दादाचा फोन येई, ती हिरवे वर्तुळ सरकवू पाही आणि तेवढ्यात घंटी थांबे. तिला फोन वापरता येत नव्हता असे मी कधीच म्हणणार नाही. चाळीस वर्षे ती फोनवर बोलत आली आहे. जागेवर राहणारा, दाबल्यावर दाबलेला कळणारा आणि कानाला लावता येणारा फोन तिला हवा होता, आणि तसा तो आम्ही दिला नव्हता.

हा लॅपटॉप, एसर अस्पायर वन, मी २००९ साली स्काइपवर दादाशी बोलण्यासाठीच घेतला होता. १.६ गिगाहर्ट्‌झचा अ‍ॅटम प्रोसेसर आणि एक जीबी मेमरी एवढ्यावर आजचा ब्राउझर धड चालत नाही, पण आवाजाचे काम त्याला अजिबात जड नाही. स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाले, तेव्हा मी ठरवले की या खेपेस एखाद्या एकाच सेवेवर सगळी भिस्त ठेवायची नाही. म्हणून एसआयपी निवडले. इंटरनेटवरून फोन जोडण्याची ही खुली पद्धत २००२ साली सध्याच्या रूपात प्रमाणित झाली. तिच्यात प्रत्येकाला ईमेलसारखा पत्ता असतो, आणि उद्या सेवा किंवा प्रोग्राम बदलावा लागला तरी पद्धत तीच राहते. लिनफोन या इंटरनेटवरून फोन करण्याच्या अ‍ॅपच्या सेवेवर असे पत्ते मोफत मिळतात. दादाने आणि मी आपापल्या मोबाइलवर लिनफोन घेतले, तर लॅपटॉपवर बेअरसिप नावाचा अगदी हलका प्रोग्राम बसवला.

हा प्रोसेसर बत्तीस बिटांचा आहे. डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर मिळत नाही, म्हणून बारावी आवृत्ती बसवली, तीही डेस्कटॉपशिवाय. लॅपटॉप सुरू केला की बेअरसिप आपोआप चालू होते, आणि पडदा काही मिनिटांत काळा होतो. चुकून झाकण बंद झाले तरी यंत्र झोपू नये, अशीही सोय करून ठेवली आहे. कीबोर्डवर जाड पुठ्ठा कापून बसवला आणि त्यातून सहाच कळा बाहेर ठेवल्या: वरच्या ओळीतल्या चार कळा माणसांसाठी, हिरवा ठिपका लावलेली एंटर फोन उचलण्यासाठी आणि लाल ठिपक्याची एस्केप ठेवण्यासाठी. पहिल्या कळेवर दादा, दुसरीवर मी, तिसरीवर पुण्याला शिकणारी नात.

आवाजाच्या बाबतीत मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो कारणी लागला असे मला वाटते. लॅपटॉपच्या स्पीकरवर बोलले की आईचा मायक्रोफोन दादाचा आवाज पुन्हा पकडे आणि तो त्याला एका क्षणाने परत ऐकू येई. आपलाच आवाज असा मागाहून ऐकू आला की माणूस अडखळतो, आणि दादा अडखळला की आईला वाटे त्याला बरे नाही. यावर उपाय म्हणून यूएसबीला जोडण्याचा, जुन्या फोनच्या आकाराचा रिसीव्हर घेतला. लॅपटॉपला तो वेगळे साउंड कार्ड म्हणून दिसतो. बेअरसिपमध्ये बोलण्याचे, ऐकण्याचे आणि घंटीचे साउंड कार्ड स्वतंत्रपणे सांगता येते, म्हणून घंटी लॅपटॉपच्या स्पीकरवर मोठ्याने वाजते आणि संभाषण रिसीव्हरमध्ये होते. घंटी पाटावर बसून भाजी निवडतानाही स्वयंपाकघरात ऐकू येते.

दुसरी गोष्ट ध्वनीच्या पट्ट्याची. पूर्वीचा टेलिफोन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज वाहून नेत असे; स, श, फ यांसारख्या वर्णांचा बराचसा भाग त्याच्या वर राहतो आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसाला नेमके तेच वर्ण चकवतात. आवाज इंटरनेटवरून पाठवण्याजोगा करून पलीकडे पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. २०१२ साली प्रमाणित झालेला ओपस हा कोडेक याहून कितीतरी रुंद पट्टा वाहतो आणि तरीही त्याला जागा थोडी पुरते. आवाज लहान लहान पॅकेटांत भरून जातो; जुन्या जी.७११ कोडेकला या पॅकेटांच्या वेष्टनासकट एका दिशेला सेकंदाला सुमारे ८० किलोबिट लागतात, म्हणजे दोन्ही दिशा धरून तासाला ७२ एमबी. ओपस याच्या निम्म्याहून कमी जागेत अधिक स्वच्छ बोलतो. ओपस सुरू केल्यानंतरच्या पहिल्या फोनवर आई म्हणाली, “अरे, तू आज समोर बसून बोलल्यासारखा वाटतोस.”

नंतर एक विचित्र अडचण आली. आईने लावलेला फोन लागे, पण दादाने लावलेला काही वेळा वाजतच नसे. घरचे राउटर आणि इंटरनेट कंपनीचे जाळे, असे दोन पडदे मध्ये असतात. लॅपटॉपने बाहेर निरोप पाठवला की परतीच्या निरोपासाठी एक फट थोडा वेळ उघडी राहते, आणि काही मिनिटे काहीच गेले-आले नाही की ती बुजते. मग बाहेरचा फोन दारातूनच परत जातो. लॅपटॉपने दर तासाला लिनफोनच्या सेवेकडे ‘मी इथे आहे’ अशी नोंदणी नव्याने करावी असे आधी ठरलेले होते. ते अंतर मी दोन मिनिटांवर आणले आणि घंटी नेमाने वाजू लागली. एसआयपीचे निरोप वाटेत बदलणारी, राउटरमधली एसआयपी एएलजी ही सोयही बंद केली, कारण मदतीसाठी असूनही ती पुष्कळदा एकाच बाजूचा आवाज गिळते. वाड्याच्या जाड भिंतींतून वाय-फाय नीट पोहोचत नसल्यामुळे राउटरपासून माजघरापर्यंत तारच ओढली.

विलंब मात्र कोणालाही पूर्णपणे घालवता येणार नाही. बडोद्यापासून न्यू जर्सी बारा हजार किलोमीटरांहून दूर आहे; काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ रेषेत तार टाकली तरी एका बाजूला साठ मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्रातल्या केबल सरळ जात नाहीत. दीडशे मिलिसेकंदांच्या आत राहिले तर संभाषण सहज वाटते असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. आमचे बोलणे बहुधा त्या सीमेच्या आसपास असते. वाक्य संपले की श्वासभर थांबायचे, ही ट्रंक कॉलच्या काळातली सवय आईला होतीच. ती दादाला लावावी लागली.

लॅपटॉप सरासरी दहा वॅट घेतो असे धरले तर महिन्याला साधारण सात युनिट होतात, आणि एवढा खर्च मला योग्य वाटतो. वीज गेल्यास राउटर बंद पडू नये म्हणून त्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला आहे. उत्तरायणात गल्लीवरून गेलेल्या केबलमध्ये मांजा अडकून ती तुटली, तेव्हा दोन दिवस माझ्या मोबाइलचे इंटरनेट यूएसबीने लॅपटॉपला दिले.

एका प्रश्नावर दादाचे आणि माझे मतभेद झाले. येणारा फोन आपोआप उचलला जावा अशी सोय बेअरसिपमध्ये आहे, आणि आई पडली किंवा तिला बरे नसले तर तिचा आवाज तरी ऐकू येईल म्हणून दादाला ती हवी होती. त्याची काळजी खरी आहे. तरीही आईच्या घरात कोणी न विचारता, नुसत्या आवाजानेसुद्धा, शिरावे हे मला पटले नाही. शेवटी तिलाच विचारले. “घंटी वाजू दे. मी उचलेन. नाही उचलली तर तू रिक्षा करून ये,” असे तिने मला सांगितले आणि विषय संपला. या फोनवरून ११२ लागत नाही आणि साध्या नंबरांवरही बोलता येत नाही, हे तिला नीट समजावून सांगितले आहे. त्यासाठी बटणांचा एक साधा मोबाइल तिवईच्या खणात चार्जरसकट ठेवला आहे.

चौथी कळ अजून कोरी आहे. ती ग्वाल्हेरच्या मावशीला द्यावी असे आईच्या मनात आहे. दोघी बहिणी वर्षभरात मनासारख्या बोललेल्या नाहीत, कारण मावशीलाही मोबाइलवरचे नीट ऐकू येत नाही. मावशीच्या नातवाशी माझे बोलणे झाले आहे. त्यांच्या माळ्यावर एक जुना लॅपटॉप निघाला आहे, आणि येत्या रविवारी नातू फोनवरून मला त्याचा मॉडेल नंबर वाचून दाखवणार आहे.