डिस्क उपसण्याआधी सिरीयल नंबर वाचा

रेड ५ म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एक संच (ॲरे). त्यातल्या चार डिस्कपैकी एक गेली तरी सर्व्हर चालतो. दुसरी गेली की सगळंच जातं. ही दुसरी दर वेळी बिघडूनच जाते असं नाही; घाईत चांगली डिस्कच उपसली जाते. कंट्रोलर, म्हणजे डिस्क सांभाळणारं कार्ड, स्लॉट बहुधा शून्यापासून मोजतो आणि आपण डावीकडून एक, दोन, तीन मोजतो. लिनक्समधली एसडीबी, एसडीसी ही डिस्कची नावं तर रीबूटनंतर बदलूही शकतात. म्हणून भरवसा फक्त सिरीयल नंबरचा. डिस्क बसवतानाच त्याचे शेवटचे चार आकडे ट्रेच्या तोंडावर चिकटवून ठेवा. कंट्रोलरमधून त्या स्लॉटचा लाइट लुकलुकवता येत असेल तर तोही लावून बघा.

त्याआधी डिस्क खरंच गेली आहे का, ते तपासा. स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. तिच्या यादीत ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांसमोरचे आकडे (खराब सेक्टरची मोजणी) वाढत असतील तर डिस्क बदलाच. फक्त १९९ समोरचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा बॅकप्लेनच्या (डिस्क ज्यात खोचल्या जातात त्या पाटीच्या) जोडाचा असतो. तिथे नवी डिस्क घालून पैसेच जातात.

नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी. एखादा सेक्टर, म्हणजे साठवणीचा छोटा तुकडा, कमी पडला तरी ॲरे तिला नाकारू शकतो. सास आणि साटा हे डिस्क जोडण्याचे दोन प्रकार. सास बॅकप्लेनवर साटा डिस्क बसते, उलट मात्र बसत नाही. ५१२ बाइटच्या सेक्टरच्या ॲरेत ४के नेटिव्ह (४,०९६ बाइटच्या सेक्टरची) डिस्क मिसळू नका. एसएमआर डिस्क (जिच्यात डेटाच्या रेघा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात) स्वस्त मिळते, पण रिबिल्डमध्ये, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करताना, रडवते. डेस्कटॉपची साधी डिस्क खराब सेक्टरवर बराच वेळ अडून बसते, तेवढ्यात कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढतो. मोठी नवी साटा डिस्क जुन्या टॉवरमध्ये फिरलीच नाही तर पॉवर केबलमधली ३.३ व्होल्टची वायर बघा. काही डिस्कमध्ये त्या पिनवर व्होल्टेज आलं की डिस्क बंदच राहते.

बसवणं सोपं आहे. हॉटस्वॅप, म्हणजे सर्व्हर चालू असताना डिस्क बदलायची सोय, असेल तर ट्रे इंचभर ओढा, अर्धा मिनिट थांबा, तबकड्या थांबल्या की पूर्ण काढा. नवीला चारही स्क्रू लावा, चपट्या डोक्याचेच; डोकं वर राहिलं तर ट्रे अडकतो. वापरलेली डिस्क घातली आणि कंट्रोलरने 'फॉरेन' कॉन्फिगरेशन (दुसऱ्या ॲरेची खूण) दाखवलं, तर ते नेमकं कुणाचं आहे हे कळेपर्यंत 'क्लिअर' दाबू नका.

लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड (वेगळ्या कार्डाविना चालणारं) असेल तर जुनी डिस्क आधी फेल, मग रिमूव्ह करा. नंतर चांगल्या डिस्कवरचं पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांचा नकाशा) नवीवर उतरवा. दिशा उलटली तर चांगल्या डिस्कचंच टेबल पुसलं जातं. ही नक्कल करणाऱ्या एसजीडिस्क या कमांडच्या कॅपिटल आर पर्यायात नवी डिस्क आधी लिहायची, चांगली चालू डिस्क नंतर. फसगत इथेच होते. मिररमधली (दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणाऱ्या जोडीतली) बूट डिस्क असेल तर नवीवर ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅमही टाका. ते राहिलं तर पुढच्या वेळी पहिली डिस्क गेली की सर्व्हर उठत नाही.

आता रिबिल्ड. सेकंदाला १५० एमबी सलग मिळाले तरी ४ टीबीला साडेसात तास लागतात. दिवसभराचं काम चालू असेल तर दुप्पट-तिप्पटही. तेवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्क सलग वाचल्या जातात, त्याही तितक्याच जुन्या. म्हणून आधी बॅकअप घ्या आणि तो उघडून बघा. सोलापूरचा मे महिना इथेच नडतो. संध्याकाळी डिस्क बदलायची, ऑफिसला कुलूप लावताना सवयीने एसी बंद करायचा, आणि रात्रभर बंद खोलीत रिबिल्ड! बऱ्याच डिस्कची मर्यादा ६० अंश असते, पण ५० ओलांडले की मी हात आखडता घेतो: रिबिल्डचा वेग कमी करतो, दार उघडतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत कापसाचे तंतू समोरच्या जाळीवर गालिचासारखे साचतात. डिस्क बदलण्याच्या आदल्या दिवशी, सर्व्हर बंद ठेवून, ती जाळी साफ करा. रिकाम्या स्लॉटची झाकणं काढून टाकू नका, हवा तिथूनच पळते आणि डिस्कपर्यंत पोचत नाही. लाइटचा भरवसा नसेल तर यूपीएसची बॅटरी आधी तपासा. डिस्क अजून चालू असून फक्त इशारा देत असेल, तर हे काम गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीत करणं उत्तम: जानेवारीची थंडी, आणि सर्व्हरवर कुणी नाही.

काढलेली डिस्क लगेच भंगारात देऊ नका. रिबिल्ड शंभर टक्के होऊन ॲरे 'ऑप्टिमल' दिसेपर्यंत तारीख घालून कपाटात ठेवा. मध्येच दुसरी डिस्क अडखळली, तर काढलेल्या त्या अर्धमेल्या डिस्कच्या मदतीनेही काही फायली वाचवता येऊ शकतात.