चारच्या जागी चाळीस

लागोपाठ चौथी नाइट होती, पहाटेचे तीन वाजून गेलेले. सिरिंज पंपाचा, म्हणजे औषध हळूहळू आपोआप देणाऱ्या यंत्राचा, रेट सेट करत होते तेवढ्यात मागून आवाज आला, "सिस्टर, आईची सलाईन संपलीय, जरा येता का?" मान वळवून "आलेच" म्हटलं, परत पंपाकडे बघितलं न बघितलं आणि स्टार्ट दाबलं. सलाईन बदलून येताना स्क्रीनवर नजर गेली नि पोटात गोळाच आला, चारच्या जागी चाळीस!! पंप बंद केला, बीपी पल्स बघितलं, पेशंट शांत झोपलेला, औषधही तेवढं जहाल नव्हतं म्हणून निभावलं. मी कुणालाही सांगितलं नाही. कारण तिथल्या इन्चार्ज सिस्टर नातेवाइकांसमोर झापायच्या, आणि आदल्याच महिन्यात एका ज्युनिअरला ढसाढसा रडताना मी बघितलं होतं.

लोक म्हणतात नर्स दमतात म्हणून चुका होतात. दमतोच की, पण तेवढंच नसतं. औषध देताना मध्येच कुणी हाक मारली की काय होतं यावर सिडनीच्या दोन हॉस्पिटलांत अभ्यास झालाय, २०१० चा, त्यात दर व्यत्ययामागे चुकीची शक्यता साधारण १२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. माझी ती "आलेच" मला लगेच आठवली. आणि २००२ मध्ये नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन यांच्या टीमने दाखवलं होतं की सर्जरीच्या वॉर्डात एका नर्सकडे एक पेशंट जास्त आला की पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, नर्सचा बर्नआउट वाढतो तो वेगळाच. म्हणून स्टाफ वाढवायचं सोडून आम्हाला दीर्घ श्वासाचं वर्कशॉप देतात, तेही नाइट ऑफच्या दिवशी, तेव्हा माझं डोकंच फिरतं.

बर्नआउट म्हणजे नुसता थकवा पण नाही. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मॅस्लॅक यांनी त्यात आणखी दोन गोष्टी धरल्यात, माणसांबद्दल कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. कोरडेपणा मला एका हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला माहिती देताना, कळला. "बेड सातला दोनदा उलटी झाली, नऊचा कटकट्या आहे" असं मी घडाघडा सांगत गेले आणि समोरच्या मुलीने नाव विचारलं सातचं, तर मला आठवेना. आठ तास मी त्या बाईंचं तोंड पुसत होते.

पण मला सगळ्यात पटलं ते हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांचं. औषधांच्या चुका मोजायला गेल्या तर चांगल्या टीममध्येच चुका जास्त निघाल्या, उलटंच! मग लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, लोक त्या बोलून दाखवत होते. १९९६ चा पेपर आहे. वाचला आणि माझा वॉर्ड डोळ्यासमोर आला, आमच्या रजिस्टरात चुका जवळजवळ शून्य, आणि त्याबद्दल कौतुकही व्हायचं आमचं 😅

नंतर वॉर्ड बदलला. तिथे मी एकदा डोस एक तास उशिरा दिला, घाबरत घाबरत जाऊन सांगितलं, तर नव्या इन्चार्ज सिस्टरांनी आधी विचारलं "पेशंट कसाय?" आणि मग, "तुला त्या वेळी कुणी बोलावलं होतं का गं?" दोघींनी मिळून रिपोर्ट भरला. त्यांना मग ती चाळीसची गोष्टही सांगून टाकली, इतक्या वर्षांनी. त्या म्हणाल्या, तो पंप कुठला होता, ४.० दाबताना पॉइंट राहून जावा असं पॉइंटचं बटण शून्याला लागूनच होतं का? हे मला तोवर सुचलंच नव्हतं.