वऱ्हाडातला पावसाळा आणि सिगारचा डबा

आमच्या दारव्ह्याकडे सिगार मिळत नाही. भाचा सुट्टीत आला की चार-दोन देऊन जातो, मग ते जपणं आलं. उन्हाळ्यात सिगारचं पान कडकडीत होऊन चिरतं, अन् जुलै लागला की बुरशी. कूलरच्या खोलीत तर डबा ठेवूच नका भाऊ.

बुरशी उंचावलेली, लोकरीसारखी दिसते; पांढरी, नाहीतर हिरवट-निळी. ती बघून 'ही बुरशी नव्हे, तेल सुटलं, सिगार मुरला बरं का' असं सांगणारे जाणकार भेटतात. मला नाही पटत. वरवरची असेल तर सिगार अंगणात नेऊन कोरड्या फडक्यानं पुसतो आणि वेगळा ठेवतो. पेटवायच्या टोकातून आत शिरलेली दिसली, की सरळ उकिरडा.

डब्यातली आर्द्रता ६५ ते ७० टक्के हवी. पण आधी ती मोजणारं मीटर तपासा. झाकणभर मीठ, त्यात थेंब-थेंब पाणी, ओल्या वाळूइतपतच. मीठ विरघळू द्यायचं नाही. ते आणि मीटर दुसऱ्या बंद डब्यात रात्रभर. मीटर बरोबर असेल तर सकाळी ७५ दिसायला पाहिजे. आमचं बेणं ८१ दाखवतं, म्हणून ६ वजा करून वाचतो. सिगारच्या डब्यात ओल टिकवायला ठेवलेल्या स्पंजला डिस्टिल्ड पाणीच. बोअरच्या पाण्यानं त्यावर क्षार धरतात.