दिल्लीचं धुकं आणि लोहगावची पहाट: जानेवारीतली एक कामाची फेरी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दिल्लीजवळ, हरियाणातल्या मानेसरला एका गिऱ्हाइकाकडे ट्रायल होती. पुण्याजवळ भोसरीत आमचं गेज (माप तपासायची साधनं) आणि फिक्स्चर (काम पकडून ठेवायची साधनं) बनवायचं युनिट आहे. माल ट्रान्सपोर्टने आधी जातो, पण पहिली ट्रायल आमच्यापैकी कुणीतरी समोर उभं राहूनच द्यावी लागते, त्यामुळे वर्षाकाठी अशा वीसेक फेऱ्या होतात. ही जरा सविस्तर लिहितोय, कारण हिवाळ्यात पुण्याहून दिल्लीकडे कामाला जाणारे पुष्कळ आहेत आणि दर जानेवारीत दिल्ली विमानतळावर ताटकळलेले चेहरे बघून वाईट वाटतं. थोडं आधी ठरवलं तर त्यातला निम्मा त्रास वाचतो.

मुद्द्याचं आधीच सांगतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत दिल्लीला पहाटेच्या विमानाने जाऊ नका आणि रात्रीच्या शेवटच्या विमानाने परत येऊ नका. यातलं पहिलं मी पाळलं, दुसरं पाळता आलं नाही.

दिल्लीचं दाट धुकं साधारण मध्यरात्रीनंतर उतरतं आणि सकाळी नऊ-दहापर्यंत हलत नाही. दृश्यमानता २०० मीटरच्या खाली गेली की हवामान खातं त्याला दाट म्हणतं, ५० च्या खाली गेली की अतिदाट. दिल्लीच्या धावपट्टीवर कॅट-थ्री यंत्रणा आहे, त्यामुळे ५० मीटर दिसत असलं तरी विमान उतरू शकतं. अट एवढीच, की विमान त्या दर्जाचं हवं आणि वैमानिकाने तसं प्रशिक्षण घेतलेलं हवं. उड्डाणाला मात्र साधारण १२५ मीटर दिसावे लागतात. म्हणजे काही विमानं उतरतात, निघत कोणीच नाही, उभं राहायच्या जागा भरतात आणि मागची विमानं जयपूर-लखनौकडे वळवावी लागतात. पुण्याहून पहाटे पाच-सहाला निघालेलं विमान नेमकं या गर्दीत सापडतं.

रात्रीच्या विमानाचं दुखणं वेगळं असतं. संध्याकाळी आकाश मोकळं असतं, चांदण्या दिसत असतात आणि तरी आपलं विमान चार तास उशिरा. कारण एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. सकाळी धुक्यात गेलेले दोन तास ते प्रत्येक फेरीत पुढे ढकलत जातं आणि दिवसाच्या शेवटच्या फेरीच्या वाट्याला सगळा उशीर साचून येतो. म्हणून विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर फक्त आपला फ्लाइट नंबर बघू नका. आपल्याला घेऊन जाणारं विमान आधीच्या फेरीला कुठून येतंय आणि तिथून निघालं का, ते बघा. विमान अजून कोलकात्यात उभं असेल, तर फलकावर ‘वेळेवर’ लिहिलेलं असलं तरी आपण काय ते समजून घ्यायचं.

तर सोमवारी दुपारचं विमान घेतलं. मी कर्वेनगरला राहतो. वनाजहून मेट्रोने रामवाडी आणि तिथून रिक्षाने चारेक किलोमीटर लोहगावचं विमानतळ, हा रस्ता आता अंगवळणी पडलाय. कर्वे रस्ता, बंडगार्डन, येरवडा असा एकेक सिग्नल मोजत जायचं टेन्शन गेलं. रामवाडीपर्यंतचा मार्ग मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून दिवसाच्या विमानाला मी कॅब केलेली नाही. फक्त मेट्रो सकाळी सहाला सुरू होते, त्यामुळे पहाटेच्या विमानाला तिचा उपयोग नाही. दुपारचं विमान घ्यायला हेही एक कारण.

आता हत्यारं आणि सॅम्पल घेऊन जाणाऱ्यांसाठी. दोन वर्षांपूर्वी मी ४० मिलिमीटरचं गो–नो गो प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं पोलादी साधन) कापडात गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवलं होतं. स्कॅनरच्या पट्ट्यावर बॅग थांबली, उलटी आली, पुन्हा आत गेली. जवानाने ते बाहेर काढून तळहातावर तोललं. ग्राइंड केलेलं पोलाद, मुठीत बसणारा दांडा, वजन किलोभर. मी कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट दाखवलं. त्याने ते शांतपणे वाचलं, परत दिलं आणि म्हणाला, “साहब, चीज़ अच्छी है, पर केबिन में नहीं जाएगी.” त्याचं बरोबरच होतं. मला परत काउंटरवर जाऊन बॅग चेक-इन करावी लागली आणि गेटवर पोचलो तेव्हा शेवटची घोषणा चालू होती. तेव्हापासून गेज, व्हर्नियर, ॲलन की, पाने सगळं चेक-इनच्या बॅगेत, वर कंपनीच्या लेटरहेडवर यादी आणि डिलिव्हरी चलन. विक्रीचा माल नसला तरी चलन हवंच. किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिलाचंही (माल नेताना लागणारा ऑनलाइन दाखला) आपल्या अकाउंटंटला आधी विचारून ठेवा.

पॉवर बँकेचं नेमकं उलटं. ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवायची. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. बाजारात मिळणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे चालते. पण तिच्यावरचा छापील आकडा पुसट झाला असेल तर तपासणीला अडकू शकते. माझी जुनी त्यासाठीच बदलली.

लोहगावचं नवीन टर्मिनल जुलै २०२४ पासून सुरू आहे आणि जुन्या दिवसांची रेटारेटी आठवली की खरंच हायसं वाटतं. डिजीयात्रा, म्हणजे चेहरा ओळखून विमानतळात आत सोडणारं ॲप, घेतलं नसेल तर घ्या. तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळायला हवं आणि वेब चेक-इन करून बोर्डिंग पास ॲपमध्ये घरूनच टाकायला हवा. दारात उभं राहून हे करू म्हटलं की मागची रांग आपल्याकडे बघत राहते. हे विमानतळ वायुदलाचं आहे, तेव्हा धावपट्टीच्या बाजूचे फोटो काढू नका.

दिल्लीला संध्याकाळी उतरलो. मानेसरला जायला आता द्वारका एक्स्प्रेसवे झालाय. दिल्लीच्या हद्दीतला भाग ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला, त्यामुळे गुरुग्रामच्या जुन्या हमरस्त्यावर अडकायचं कारण उरलं नाही. कॅबवाल्याला बसतानाच सांगा, नाहीतर तो सवयीच्या रस्त्याने नेतो. मुक्काम मानेसरजवळच केला. सकाळी सातला खोलीच्या खिडकीतून समोरचा विजेचा खांब दिसत नव्हता. त्या वेळी मी हवेत घिरट्या घालत नव्हतो, गरम आलू पराठा खात होतो. साडेनऊला शॉप फ्लोअरवर हजर होतो. ट्रायल चांगली झाली. लोहडीचा दिवस होता, त्यांनी रेवडी आणि शेंगदाणे दिले, मी घरून नेलेल्या तिळाच्या वड्या दिल्या. तिळगूळ म्हणजे काय ते तिथल्या क्वालिटीच्या प्रमुखांना मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. ते फार मनापासून ऐकत होते.

मुक्कामाच्या बिलाबद्दल थोडं, कारण पैसे इथेच गळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ ऐवजी ५ टक्के झालाय. पण हॉटेल हरियाणात, तर कर हरियाणाचा. आपली नोंदणी महाराष्ट्रातली, त्यामुळे त्याचं क्रेडिट (भरलेला कर आपल्या करातून वजा करायची सोय) आपल्याला मिळत नाही. बिलावर आपला जीएसटी नंबर असला तरी नाही. तो खर्चच धरून चाला. विमानाच्या तिकिटाचं तसं नाही. नोंदणीकृत धंद्याला त्यावरचा कर आपल्या राज्यात धरला जातो आणि क्रेडिट मिळतं, मात्र बुकिंग करतानाच कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर टाकायला हवा. नंतर मेल पाठवून बदल करून घेणं फार जिकिरीचं आहे. आमच्याकडे वर्षभर ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आता परतीचं. ट्रायल कधी संपेल याची खात्री नव्हती, १५ तारखेला महापालिकेचं मतदान होतं आणि संक्रांतीला घरी असायचं होतं, म्हणून रात्री नऊ वाजून दहाचं तिकीट काढलं होतं. साडेसातला मेसेज आला: दहा वाजता. मग पावणेअकरा. मग पावणेबारा. उशीर असा हप्त्याहप्त्याने येतो, त्यामुळे माणूस गेट सोडून हलत नाही आणि उपाशी राहतो.

शेजारी चाकणला नोकरी करणारा एक मुलगा बसला होता, पहिल्यांदाच कंपनीच्या कामाला आलेला. तो आधी चुकून दुसऱ्याच टर्मिनलला गेला होता. दिल्लीत टर्मिनल एक आणि तीन यांच्यात काही किलोमीटरचं अंतर आहे आणि कंपन्या अधूनमधून टर्मिनल बदलतात. तिकीट काढताना बघितलेलं टर्मिनल निघायच्या दिवशी पुन्हा बघायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय तिकीट एजंटने काढलेलं आणि बुकिंगमध्ये नंबरही एजंटचाच, त्यामुळे उशिराचा एकही मेसेज त्याला आला नव्हता. तिकीट कुणीही काढो, मोबाइल नंबर आपला घालायला लावा.

अकराला मी त्याला म्हटलं, “चल, काउंटरवर जाऊन जेवणाचं विचारू.”

“काका, मागायला बरं वाटत नाही हो.”

“अरे, यात मागणं कसलं? नियमच आहे तसा.”

नियम असा. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर विमान कंपनीने खाण्यापिण्याची सोय करायची. दिल्ली–पुणे त्यातच बसतं. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा यातलं एक तुम्ही निवडायचं. रात्री आठ ते पहाटे तीनमध्ये सुटणाऱ्या विमानाला सहा तासांवर उशीर झाला तर हॉटेलही. धुक्यासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणासाठी रोख भरपाई मिळत नाही, तिच्यासाठी वाद घालून उपयोग नाही. पण जेवण बहुतेक वेळा मिळतं. काउंटरवरच्या मुलीला मी फलकाचा फोटो दाखवला, त्यात आधीची वेळ आणि नवीन वेळ दोन्ही होत्या. तिने लगेच कुपनं काढून दिली, आमच्या मागच्या बारा-पंधरा जणांनाही. ती मुलगी दुपारपासून उभी होती. तिच्यावर आवाज चढवणारे दोघे-तिघे होते, ते बघवलं नाही. विमान उशिरा येण्यात तिचा काय दोष? प्रत्येक वेळी फलकाचा फोटो काढून ठेवा आणि शांतपणे बोला, काम होतं.

दीडला विमान सुटलं, पावणेचारच्या सुमारास लोहगावला उतरलो. चार विमानांची माणसं एकदम बाहेर आली होती. ॲपवरची कॅब एरोमॉलमधून, म्हणजे विमानतळाच्या पार्किंगच्या इमारतीतून, घ्यावी लागते, तिथपर्यंत सामान ओढत जावं लागतं आणि त्या वेळी भाडंही चढलेलं असतं. मी सामानाच्या पट्ट्याशी उभा असतानाच कॅब बुक केली होती, पण बॅगच वीस मिनिटांनी आली आणि चालक रद्द करून गेला. बॅग हातात आल्यावरच बुक करा. माझ्या ओळखीचे एक रिक्षावाले धानोरीला राहतात. त्यांना फोन केला आणि ते त्या थंडीत, मफलर गुंडाळून, पंधरा मिनिटांत आले. नेहमी फिरणाऱ्यांनी विमानतळाजवळ राहणारा असा एक माणूस जोडून ठेवावा, आणि त्याला चार पैसे जास्त द्यावेत.

नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाल्यामुळे आता बरेच जण विचारतात, तिकडून जावं का? पिंपरी-चिंचवड, रावेत, हिंजवडीकडच्यांनी जरूर हिशेब करावा. किवळ्याहून एक्स्प्रेसवेचे ९४.५ किलोमीटर संपले की कळंबोली, तिथून विमानतळ दूर नाही. पुण्याहून सोयीच्या वेळेला विमान नसेल तर तिकडचं बघायला हरकत नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. त्या वेळेला दोन तास जास्तीचे धरा, नाहीतर लोहगावच बरं. कोथरूड, हडपसरच्या माणसाला दिल्लीच्या कामासाठी तिकडे जायचं मला तरी काही कारण दिसत नाही.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते आणि आई सुगडं मांडायला उठली होती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा मानेसर आहे. या वेळी गिऱ्हाइकालाच आधी सांगितलंय की ट्रायल बाराच्या आत संपवू. परतीचं तिकीट दुपारी चारचं काढलंय.