सोंगाड्याच्या पेटीत काय शोधायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून. धुळे-जळगावकडच्या घरांतून हा प्रश्न वारंवार येतो: आजोबा तमाशात सोंगाड्या होते, त्यांची पत्र्याची पेटी निघाली, पण त्यात विनोद कुठेच लिहिलेला नाही. मग जपायचं काय?

विनोद सापडणार नाहीच. गण-गवळणीची, म्हणजे सुरुवातीच्या गणेशवंदनेची आणि कृष्ण-गवळणींच्या प्रवेशाची, पदं वहीत उतरायची. बतावणी, म्हणजे सोंगाड्याचे विनोदी संवाद, मात्र तोंडीच, समोर बसलेली माणसं बघून रोज वेगळी. फार तर खुणेचे शब्द टिपलेले असतात. ‘मावशी, मथुरा, दाण’ (मथुरेच्या वाटेवरचा कर) एवढ्यात गवळणीतला पेंद्याचा, म्हणजे कृष्णाच्या सवंगड्याचा, अख्खा प्रवेश मावतो. असं चिटोरं टाकू नका. आणि ‘काय करी ऱ्हायना’ असं अहिराणी दिसलं तर नक्कल करताना ते ‘शुद्ध’ करू नका. त्यांच्या बोलण्याचा ठेका तेवढाच उरलाय.

माणूस खरा कळतो तो हिशेबाच्या वहीत. सुपारी किती, इसार किती, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती फिटली. साल बहुधा लिहिलेलं नसतं, ते पैशांवरून काढायचं. ‘नये पैसे’ म्हणजे १९५७ ते १९६४. आणे-पै त्याआधीचे, पण गावात आण्यांचा हिशेब पुढेही चालला, म्हणून सोबतची पाकिटं बघा. पत्त्यात पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. ‘पूर्व खानदेश’ असेल तर जळगाव जिल्हा हे नाव रुळण्याआधीचं. तारखेऐवजी जत्रा लिहिली असेल तर उत्तमच: सारंगखेडा म्हणजे दत्तजयंती, मार्गशीर्ष पौर्णिमा. साल कळलं की पंचांगावरून तारीख मिळते, आणि एकेका हंगामात फड, म्हणजे तमाशाचा संच, कुठून कुठे फिरला तेही उलगडतं.

मात्र आधी पेटीतला क्रम मोडू नका. कागद आहेत तसे फोटो काढा, मग मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात नंबर घाला. गंजलेली टाचणी ओढलीत तर कागदच फाटतो. गंज सुटा करून हळूच सरकवा. जांभळट अक्षरं बहुधा कॉपिंग पेन्सिलीची (शाईसारखा रंग सोडणाऱ्या पेन्सिलीची) असतात, ओला हात लागला की पसरलीच. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको, केलेलं परत निघत नाही.

पेटी माळ्यावर ठेवू नका. खानदेशातल्या मे महिन्यात तिथे कागद भाजून निघतो आणि घडीवर तुटतो. आतल्या खोलीत, विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, म्हणजे वाळवी चढली तर दिसेल. कडक झालेल्या घड्या उन्हाळ्यात उघडूच नका. श्रावणात, पाऊस उघडलेल्या दिवशी, हवेत थोडी ओल असताना त्या सहज सुटतात.