आहाराचा प्लॅन मागण्याआधी गोळ्यांची यादी पाठवा

अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊन घरी आलेला माणूस फोनवर आहारसल्ल्याची एखादी सेवा उघडतो, तेव्हा पहिल्याच पानावर प्रश्न असतात ते वय, उंची, वजन, शाकाहारी की मांसाहारी, काय आवडत नाही आणि किती किलो कमी करायचे आहेत, एवढेच. दोन मिनिटांत सात दिवसांचा तक्ता तयार होतो. वर रुग्णाचं नाव छापलेलं असतं, म्हणून तो ‘वैयक्तिक’. पण हृदयाच्या रुग्णाचा आहार इतरांपेक्षा वेगळा होतो तो आवडीनिवडींमुळे नाही. तो वेगळा होतो रोजच्या पाच-सात गोळ्यांमुळे आणि मूत्रपिंडं कितपत काम करत आहेत त्यावरून. ज्या फॉर्ममध्ये औषधांसाठी रकानाच नाही तो अर्ध्यावर सोडून दिला तरी चालेल.

नेमकं कुठे अडतं ते एकेका गोळीवरून पाहू.

रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन चालू असेल तर पालेभाज्यांचा प्रश्न येतो. हे औषध जीवनसत्त्व के-च्या विरोधात काम करतं आणि पालेभाज्यांत ते भरपूर असतं. अर्धा कप शिजवलेल्या पालकात साधारण ४४० मायक्रोग्रॅम, तर प्रौढ माणसाला दिवसाला पुरतं ९० ते १२०. तयार तक्ता म्हणतो, रोज सकाळी हिरवी स्मूदी घ्या. आठवडाभरात आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा) खाली येतो आणि गुठळीचा धोका वाढतो. उलट कुणीतरी सांगतं, पालेभाज्या पूर्ण बंद. मग आयएनआर वर जातो आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागतं. बरोबर सल्ला या दोन्हींच्या मधला नाही, वेगळाच आहे: जेवढी पालेभाजी नेहमी खाता तेवढीच खात राहा, डॉक्टर डोस त्यानुसार बसवतील. आहारात मोठा बदल करायचाच असेल तर आधी कळवायचं आणि आयएनआर लवकर तपासून घ्यायचा.

रक्त पातळ करणारी अपिक्साबान किंवा रिव्हारोक्साबान ही नवी औषधं घेणाऱ्यांना पालकाची ही भानगड नाही. पण रिव्हारोक्साबानची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यावी लागते, रिकाम्या पोटी ती पुरेशी शोषली जात नाही. आता समजा गोळी रात्रीची आहे आणि ॲपने ‘सोळा तास उपवास’ म्हणून रात्रीचं जेवणच काढून टाकलं. गोळी रोज पोटात जाते, काम मात्र अर्धवट होतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

उपवासाचा विषय निघाला आहे तर आणखी एक. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहाची औषधं. आता ती हार्ट फेल्युअरसाठी (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडणं) मधुमेह नसलेल्यांनाही देतात. ही औषधं चालू असताना, विशेषतः मधुमेह असेल तर, कर्बोदकं एकदम कमी केली किंवा लांब उपवास केले की रक्तात किटोन (चरबी जळून तयार होणारे आम्ल पदार्थ) वाढून कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्त धोकादायकरीत्या आम्लयुक्त होणं, होऊ शकतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना. मळमळ, पोटदुखी, धाप अशी लक्षणं ‘शरीर नव्या आहाराला सरावतंय’ म्हणून खपवली जातात. या गोळ्या घेणाऱ्याला कीटो (जवळपास कर्बोदकांशिवायचा) प्लॅन देणारी सेवा धोकादायक आहे, यात मधला शब्द नाही.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांपैकी सिमव्हास्टॅटिन आणि काही प्रमाणात ॲटॉर्व्हास्टॅटिन यांचं ग्रेपफ्रूटशी जमत नाही. आतड्यातलं जे विकर (एन्झाइम) गोळीचा काही भाग मोडून टाकतं, तेच या फळामुळे बंद पडतं आणि औषध रक्तात जास्त पोचतं. स्नायू दुखायला लागतात. रोसुव्हास्टॅटिनला ही अडचण नाही. म्हणजे ‘स्टॅटिन घेता का, हो की नाही’ एवढा प्रश्न पुरत नाही, गोळीचं नाव हवं.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो पोटॅशियमचा. रामिप्रिल, लोसार्टन, सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाबाची आणि हृदयाची औषधं शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी ते बाहेर घालवते. एकाच रुग्णाला दोन्ही प्रकारची औषधं असणं अगदी नेहमीचं आहे. अशा वेळी ‘केळी, बटाटा, टोमॅटो खा’ किंवा ‘खाऊ नका’ हे कुणालाही तक्त्यावरून सांगता येणार नाही. अलीकडचा रक्ततपासणीचा आकडा पाहूनच सांगावं लागतं. अलीकडचा म्हणजे औषध सुरू केल्यानंतरचा किंवा डोस बदलल्यानंतरचा. रुग्णालयात दाखल होताना काढलेल्या पोटॅशियमला आज काहीच अर्थ नाही.

यात भर म्हणजे ‘कमी सोडियमचं मीठ’. त्यात सोडियम क्लोराइडच्या जागी काही भाग किंवा सगळंच पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनमध्ये ६०० गावांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने पक्षाघाताचं प्रमाण घटलं. मीठ चांगलंच आहे. पण गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना आणि पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना त्या चाचणीतून वगळलं होतं. निव्वळ पोटॅशियम क्लोराइडच्या चहाच्या पाव चमच्यात ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पोटॅशियम असतं, मध्यम आकाराच्या केळ्यापेक्षा अधिक. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) वाढलेलं असताना स्पायरोनोलॅक्टोनसोबत हे मीठ सुरू केलं तर हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत पाळी येऊ शकते. म्हणून मीठ बदललं असेल तर तेही औषधांच्या यादीतच लिहावं.

आता साधं मीठ. पहिली चूक एककाची. १ ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाच्या आत, म्हणजे २,००० मिलिग्रॅम सोडियम. ही दोन्ही एकच गोष्ट. सल्लागाराने लिहिलं ‘सोडियम २ ग्रॅम’, घरच्यांनी वाचलं ‘मीठ २ ग्रॅम’, की जेवण घशाखाली उतरत नाही आणि रुग्ण निम्मंच खातो. वेष्टनांवर कुठे सोडियम लिहितात, कुठे मीठ, कुठे १०० ग्रॅममागे, कुठे एका वाढणीमागे. फोटो पाठवताना वेष्टनाची मागची बाजू पाठवा, पुढची नव्हे.

दुसरी चूक ॲपची. घरी रांधलेल्या पदार्थात किती मीठ पडलं हे त्याला माहीत नसतं. अनेक नोंदींत सोडियमचा आकडाच भरलेला नसतो आणि ॲप ती जागा शून्य धरतं. दिवसाच्या शेवटी हिरवी खूण दिसते. खरं मोजायचं असेल तर स्वयंपाकाचं मीठ एका वेगळ्या बरणीत काढा, किचन स्केलवर बरणीचं वजन लिहून ठेवा आणि सात दिवसांनी पुन्हा वजन करा. चार माणसांच्या घरात १९६ ग्रॅम संपलं असेल तर १९६ भागिले २८, माणशी रोज ७ ग्रॅम. ब्रेड, चीज, डबाबंद सूप आणि बाहेरचं खाणं यात आलेलं नाही, ते वेगळं धरायचं. ब्रेडच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १ ग्रॅम मीठ असतं. ४० ग्रॅमचे चार स्लाइस खाल्ले की दिवसाच्या मिठाचा जवळपास तिसरा हिस्सा संपला, आणि ब्रेड तर कुणाला खारट लागतही नाही. खाण्याच्या सोड्यातही सोडियम असतं, चहाच्या चमच्याला बाराशे मिलिग्रॅमच्या आसपास. पाण्यात फसफसणाऱ्या पॅरासिटामॉलच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या जवळ. गुडघेदुखीसाठी दिवसाला सहा-आठ गोळ्या घेणाऱ्याचं मीठ ताटात शोधून सापडणार नाही.

मीठ जितकं कमी तितकं बरं, असंही नाही. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सोडियम-एचएफ चाचणीत सोडियम दिवसाला १,५०० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा सल्ला एका गटाला दिला होता. मृत्यू आणि रुग्णालयात दाखल होणं यांत नेहमीच्या सल्ल्यापेक्षा फरक पडला नाही, जीवनमानात थोडी सुधारणा दिसली. वयस्कर, बारीक झालेल्या रुग्णाला अळणी जेवण देऊन त्याची भूक घालवण्यात शहाणपण नाही.

वजनाच्या बाबतीत तर ॲप सरळ चुकीच्या दिशेने नेऊ शकतं. हार्ट फेल्युअरमध्ये तीन दिवसांत वजन २ किलोंहून अधिक वाढलं तर ते पाणी असतं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं असतं. ॲपला ते ‘जास्त खाणं’ वाटतं. ते दिवसाच्या २०० कॅलरी कापतं आणि ‘पुढच्या आठवड्यात जोर लावू’ असा संदेश धाडतं. उलट लघवीच्या गोळीने आठवड्यात ३ किलो पाणी उतरलं की अभिनंदनाचा बिल्ला. त्या पाण्याखाली स्नायू झडत असतील तर तेही कळत नाही. वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, एकाच काट्यावर आणि साधारण सारख्याच कपड्यांत करायचं. ते ॲपमध्ये भरा किंवा वहीत लिहा, पण ‘किती वाढलं तर कुणाला फोन करायचा’ हे त्याच पानावर लिहिलेलं हवं. सुजलेल्या रुग्णाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) काढून कॅलरी ठरवणं निरर्थक आहे. आधी सूज उतरल्यानंतरचं वजन घ्या.

बायपासनंतरचे पहिले सहा-आठ आठवडे हा वेगळाच काळ. छातीचं हाड सांधत असतं, भूक मेलेली असते, तोंडाला धातूसारखी चव येते. या दिवसांत वजन कमी करण्याचा किंवा तेल-तूप शून्यावर आणण्याचा प्लॅन नको. प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. एका अंड्यात ६ ग्रॅम, कपभर दुधात ८, कपभर शिजवलेल्या मसुरात १८, शिजवलेल्या १०० ग्रॅम माशात २० च्या वर. हिशेब कागदावर सोपा दिसतो, पण तीन जेवणांत तो बसत नाही. पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतो म्हणून कुणी एकदम ओट्स, कोंडा, सॅलड सगळं सुरू करतं, पाणी मात्र वाढत नाही, आणि त्रास दुप्पट होतो. चोथा हळूहळू वाढवा. ज्यांना डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घातली आहे त्यांनी तर तो विचारूनच वाढवावा.

चरबीचा सल्ला त्यानंतर. तो तसा सरळ आहे: लोणी आणि चरबीयुक्त मांस यांच्या जागी असंतृप्त तेलं, सुकामेवा, मासे, कडधान्यं. ताटाच्या फोटोवरून कॅलरी सांगणारी साधनं इथे हमखास फसतात, कारण भाजीत मुरलेलं तेल कॅमेऱ्याला दिसत नाही. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात. तेलाचंही मिठासारखंच, बाटली मोजा.

‘आठ आठवड्यांत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) निम्मं’ अशा आहार-प्लॅनच्या जाहिरातीकडे जरा नीट पाहा. हार्ट ॲटॅकनंतर दिली जाणारी ४० किंवा ८० मिलिग्रॅम ॲटॉर्व्हास्टॅटिन एकटीच एलडीएल जवळपास निम्म्यावर आणते. ओट्समधला बीटा-ग्लुकान हा विरघळणारा चोथा रोज ३ ग्रॅम घेतला तर एलडीएल कमी होतं ते शंभरात पाच-सातने. हा फायदा घेण्यासारखा आहे, पण श्रेय कुणाचं ते गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. याच भरात कुणी ‘आता आहारावर भागेल’ म्हणून स्टॅटिन बंद करायला सुचवलं, तर तो सल्ला तिथेच थांबवावा.

जनुकीय किंवा आतड्यातल्या जिवाणूंच्या चाचण्यांवर आधारलेले महागडे प्लॅनही याच रांगेतले. युरोपातल्या ७ देशांत झालेल्या फूड-फोर-मी या ऑनलाइन चाचणीत वैयक्तिक सल्ला सरसकट सल्ल्यापेक्षा सरस ठरला. मात्र आहाराच्या माहितीवर रक्ततपासणीची आणि जनुकांची भर घातल्याने आणखी फायदा झाला नाही. ती माणसं निरोगी होती. हृदयाच्या रुग्णाची रक्ततपासणी लागते ती औषधांसाठी, जनुकांची गरज नाही.

व्हिडिओवर डाएटिशियनशी बोलायचं ठरलं तर आधी एवढं पाठवून ठेवा: डिस्चार्ज समरी, सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो (दुकानातून आपणहून आणलेली पूरकं, ओमेगा-३च्या कॅप्सूल, झाडपाल्याची औषधंसुद्धा), क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियमचा तारखेसह अहवाल, इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते), मधुमेह असेल तर एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), सात दिवसांची वजनं, आणि तीन दिवसांच्या खाण्याची नोंद, त्यातला एक दिवस सुट्टीचा. खाण्याची नोंद त्या त्या वेळी लिहावी. रात्री आठवून लिहिली की बिस्किटं गळतात. कॉलवर स्वयंपाक करणारी व्यक्ती शेजारी बसलेली हवी, नाहीतर अर्धे प्रश्न ‘विचारून सांगतो’वर थांबतात. समोरच्याची नोंदणी विचारायला संकोच करू नका. अनेक देशांत ‘न्यूट्रिशनिस्ट’ ही पाटी कुणीही लावू शकतं.

आलेल्या प्लॅनवर तारीख आणि तो कोणत्या औषधांच्या यादीवर बेतला आहे हे लिहिलेलं आहे का, ते बघा. नसेल तर स्वतः पेनने लिहा. पुढच्या तपासणीला स्पायरोनोलॅक्टोन जोडलं गेलं की जुन्या प्लॅनमधला टोमॅटो सूपचा रोजचा वाडगा नव्याने विचारावा लागेल, आणि तो प्रश्न ॲप आपणहून काढणार नाही.